घरासाठी स्वस्तातला नेटवर्क स्विच कसा निवडायचा

राउटरच्या मागे बहुतेक वेळा तीन-चारच लॅन पोर्ट, म्हणजे नेटची वायर लावायची भोकं, असतात, आणि टीव्ही, पीसी, गेमिंग कन्सोल, प्रिंटर असं एकेक जोडत गेलं की ते कधी भरून जातात कळतच नाही. मग कुणीतरी सांगतं की नवीन मोठा राउटर घ्या. त्याची काही गरज नसते हो, एक छोटा स्विच, म्हणजे राउटरच्या एका पोर्टवरून अनेक पोर्ट करून देणारा डबा, पुरतो, आणि घरच्या कामाला तो अगदी साधा, कुठलीही सेटिंग नसलेला, म्हणजे ज्याला अनमॅनेज्ड म्हणतात तसला असला तरी मस्त चालतो. फक्त एका गोष्टीत पैसे वाचवायला जाऊ नका, ती म्हणजे गिगाबिट, म्हणजेच स्विचचा स्पीड.

१. आधी वायरी मोजा

कुठल्या कुठल्या वस्तूला वायर लावायची ते लिहून काढा. फोन-टॅबलेट सोडून द्या, ते वायफायवरच राहणार. ५ पोर्टच्या स्विचला पाच वस्तू जोडता येत नाहीत हे लक्षात ठेवा, एक पोर्ट राउटरकडून येणाऱ्या वायरीत जातो आणि हाताशी चारच उरतात. आज तीन वस्तू असतील तर ५ पोर्टचा घ्या, चार असतील तर सरळ ८ चा घ्या, कारण वर्षभरात एखादी वस्तू वाढतेच आणि मग स्विचला स्विच जोडत बसावं लागतं. तसं जोडलं तर चालतं, पण दोन अडॅप्टर, दोन सॉकेट आणि वायरींचा गुंता, कशाला उगाच.

२. आता बॉक्सवरचा स्पीड वाचा, सगळा घोळ इथेच होतो

स्वस्त स्विच दोन प्रकारचे मिळतात. एक फास्ट इथरनेट, म्हणजे १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट; फाइलीच्या एमबीत मोजायचं तर आठाने भागा). दुसरा गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस. "फास्ट" हे नाव १९९५ च्या स्टँडर्डचं आहे, त्या काळी ते खरंच फास्ट होतं, पण नाव तसंच राहिलं आणि आज बॉक्सवर "फास्ट" वाचून माणूस खूश होऊन घरी घेऊन येतो.

माझं अगदी हेच झालं होतं. स्विच लावला, इंटरनेट चालू, सगळं छान. मग एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फोटो-व्हिडिओचा बॅकअप टाकायला घेतला तर कॉपीचा आकडा सेकंदाला ११ एमबीच्या पुढे हलेना. वायर बदलली, ड्रायव्हर बदलला, अर्धा दिवस गेला, आणि शेवटी स्विच उलटा करून खालचं लेबल वाचलं तर १०/१००. त्या स्पीडने ५० जीबी जायला सव्वा तासाच्या आसपास लागतो, गिगाबिटवर तेच काम सात-आठ मिनिटांत होतं, अर्थात दोन्हीकडच्या डिस्क तेवढ्या वेगाच्या असतील तर.

म्हणून बॉक्सवर १०/१००/१००० हे तीनही आकडे आहेत का ते बघा. तिसरा आकडा नसेल तर परत ठेवा.

एक चकवा सांगतो, यात भलेभले फसतात. बॉक्सवर "स्विचिंग कपॅसिटी १ जीबीपीएस" असं छापलेलं असतं आणि वाटतं की चला, गिगाबिट आहे. पण ही बेरीज असते, पाच पोर्ट गुणिले १०० गुणिले जाण्या-येण्याच्या दोन दिशा, झाले १००० एमबीपीएस, म्हणजेच १ जीबीपीएस. म्हणजे तो साधा १०० वालाच. खऱ्या ५ पोर्ट गिगाबिट स्विचवर हाच आकडा १० जीबीपीएस असतो आणि ८ पोर्टवर १६.

मॉडेल नंबरातूनही कळतं. टीपी-लिंकचे जुने मॉडेल बघा, टीएल-एसएफ१००५डी हा फास्ट आणि टीएल-एसजी१००५डी हा गिगाबिट. डी-लिंकमध्ये डीईएस फास्ट, डीजीएस गिगाबिट. एका अक्षराचा फरक आहे आणि ऑनलाइन ऑर्डर करताना तेच नजरेतून सुटतं.

आता कुणी म्हणेल माझं इंटरनेटच १०० चं आहे, मला गिगाबिट कशाला. फक्त टीव्हीसाठी हवा असेल तर मान्य, बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्टच १०० चा असतो. पण घरातल्या घरात फाइली जाणार असतील, किंवा पुढे प्लॅन वाढवायचा विचार असेल, तर गिगाबिटच घ्या, किमतीतला फरक थोडा असतो आणि स्विच वर्षानुवर्षं चालतो.

३. काय नको ते ठरवा

मॅनेज्ड म्हणजे सेटिंगवाला स्विच, व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क पाडणं) वगैरे, तुम्हाला त्याचं नक्की काम माहीत नसेल तर नको. २.५ गिगाबिट तेव्हाच घ्या जेव्हा दोन्ही टोकांच्या मशीनला तसा पोर्ट असेल. पीओई म्हणजे वायरीतूनच वीज देणारा स्विच, तो आयपी कॅमेरे असतील तरच, आणि तेव्हा फक्त पोर्ट मोजू नका, एकूण किती वॅट देतो ते बघा, कारण साध्या पीओईत एका पोर्टला १५.४ वॅटपर्यंत मिळू शकतात पण सगळ्या पोर्टना एकदम तेवढे देण्याची ताकद स्वस्त स्विचमध्ये सहसा नसते.

बॉडी प्लॅस्टिकची का धातूची? धातूची गरम कमी होते आणि जड असल्यामुळे वायरींच्या ताणाने टेबलावरून ओढली जात नाही, म्हणून थोडाच फरक असेल तर मी धातूची घेतो. फॅनवाला मात्र घरात नको, रात्री आवाज जाणवतो.

४. लावताना

राउटरच्या लॅन पोर्टमधून एक वायर स्विचच्या कुठल्याही पोर्टात लावा, झालं. स्विच राउटरच्या नंतरच यायला हवा, मोडेम आणि राउटरच्या मध्ये नाही. आणि एकाच वायरीची दोन्ही टोकं चुकून त्याच स्विचात घालू नका, पॅकेट गोल गोल फिरत राहतात, सगळे दिवे एकदम पिसाळल्यासारखे लुकलुकायला लागतात आणि घरभराचं नेट बंद पडतं.

केबल कॅट ५ई किंवा कॅट ६, आणि शुद्ध तांब्याची. १०० एमबीपीएसला वायरीतल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही, त्यामुळे एखादी तार आतून तुटलेली असली तर गिगाबिट स्विच असूनही लिंक बऱ्याचदा १०० वर येऊन बसते आणि आपण उगाच स्विचला दोष देतो. जोडून झालं की कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा, १००० दिसलं पाहिजे. १०० दिसलं तर पहिल्यांदा केबल बदलून बघा.

अडॅप्टरवर मार्करने "स्विच" लिहून ठेवा. कुठला ५ व्होल्टचा असतो, कुठला ९ चा, कुठला १२ चा, पिन मात्र बऱ्याचदा सारखीच बसते, आणि साफसफाईत अदलाबदल होऊन राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर ५ व्होल्टच्या स्विचला लागला की स्विच जळू शकतो.