ओपीटीचा फॉर्म भरायलात? आधी हे वाचा

लातूर-नांदेडकडची बरीच लेकरं यंदा अमेरिकेत एमएस संपवून ओपीटीचा (म्हणजे शिकलेल्या विषयात तिथं काही काळ काम करायची परवानगी) आय-७६५ फॉर्म भरायलेत, म्हणून लिहायलो. सगळ्यात मोठा घोळ तारखांचा होतो बगा. कोर्स संपायच्या ९० दिवस आधीपासून संपल्यावर ६० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, पण कॉलेजच्या डीएसओनं (परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणारा अधिकारी) सेविसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदींची सरकारी ऑनलाइन यंत्रणा) ओपीटीची शिफारस टाकली की तिथून ३० दिवसांच्या आत अर्ज पोचायलाच पाहिजे, आणि हे ३० दिवसच लोक विसरतात. शिफारशीच्या आधी घाईनं फॉर्म टाकला तरी रिजेक्ट. नवा आय-२० (कॉलेज देतंय तो विद्यार्थी व्हिसासाठीचा कागद) हातात आला की आधी सही करा, मग स्कॅन.

कॅटेगरी नीट बघा: डिग्रीनंतरच्या ओपीटीला सी-३-बी, सी-३-ए म्हणजे शिकता शिकताची, सी-३-सी स्टेम एक्स्टेन्शनची (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणितवाल्यांची वाढीव मुदत).

आपला खास प्रॉब्लेम नावाचा. पासपोर्टात गिव्हन नेममध्येच बापाचं नाव चिकटलेलं असतंय, आणि फॉर्ममध्ये कुणी ते मिडल नेममध्ये टाकतंय, कुणी गाळूनच टाकतंय. पासपोर्ट आणि आय-२० समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. तारीख लिहिताना आधी महिना, मग दिवस, नाहीतर ५ जूनचा जन्म ६ मेचा होतोय.

पत्ता देताना पुढचे तीन-चार महिने जिथं राहणार तोच द्या. माझं कामाच्या परवानगीचं कार्ड जुन्या रूमवर गेलं, मेलबॉक्सवर माझं नावच नव्हतं, परत गेलं की. सरकारी टपाल नव्या पत्त्यावर फॉरवर्ड होईल या भरवशावर राहू नका.