कॉन्ड्रोसार्कोमाचा संशय असताना : तपासण्यांपूर्वीची तयारी

मांडीच्या हाडात कूर्चेची गाठ दिसते आणि ती संथ वाढणारा कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कर्करोग, असू शकेल, असे डॉक्टरांनी सांगितले की बहुतेक घरांत एमआरआयची तारीख मिळवण्याची धावपळ सुरू होते. परंतु तयारीला प्रारंभ कपाटातल्या जुन्या फिल्म शोधण्यापासून करावा. त्याच हाडाचा काही वर्षांपूर्वीचा एक्स-रे, मग तो पडल्यामुळे काढलेला असो वा गुडघेदुखीसाठी, हाती आला तर गाठ तेवढीच आहे की वाढली आहे हे ताडून पाहता येते. निरुपद्रवी एन्कॉन्ड्रोमा (हाडातील कूर्चेची साधी गाठ) आणि कमी श्रेणीचा, म्हणजे संथ वाढणारा, कॉन्ड्रोसार्कोमा यांत इतके साम्य असते की सूक्ष्मदर्शकाखालीही अनुभवी तज्ज्ञांचे मतभेद होतात. त्यामुळे काळानुसार झालेला बदल हा येथे फार मोलाचा पुरावा ठरतो. त्यासाठी नुसता लेखी रिपोर्ट पुरत नाही. आधी सीटी किंवा एमआरआय झाले असल्यास केंद्राकडून सीडी मागून घ्यावी, कारण छापील फिल्मवर निवडक चित्रेच येतात, आणि हे सर्व तारखेच्या क्रमाने फाइलला लावावे.

दुखणे केव्हापासून आहे, रात्री विश्रांती घेतानाही ठणकते का, हे एका कागदावर लिहून तो रेडिओलॉजिस्टलाही द्यावा. दुखणे गाठीचे की शेजारच्या झिजलेल्या सांध्याचे, हे केवळ चित्रावरून ठरवणे अवघड असते.

कोणती तपासणी कशासाठी, हेही समजून घ्यावे. एक्स-रेत गाठीतील चुन्याची (साचलेल्या कॅल्शियमची) वलये व कमानी दिसतात. सीटीत तो चुना आणि हाडाच्या कवचाला आतून पडलेली खोबण अधिक स्पष्ट होते, आणि लांब हाडात ही खोबण कवचाच्या जाडीच्या दोन तृतीयांशांहून खोल गेली असेल तर संशय बळावतो. मज्जेतील व हाडाबाहेरील विस्तार मात्र एमआरआयच नीट दाखवतो. म्हणून एमआरआयच्या चिठ्ठीवर संपूर्ण हाडाचा उल्लेख आहे का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे.

बायोप्सीची (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासण्याची) घाई करू नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. सुईमुळे होणारा रक्तस्राव व सूज यांनी चित्र गढूळ होते, म्हणून एमआरआय आधी व्हावे. शिवाय सुईचा मार्ग पुढे शस्त्रक्रियेत काढावा लागू शकतो, त्यामुळे बायोप्सी करायची की नाही आणि कोठून, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांनीच ठरवावे. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या, हाडांच्या कर्करोगाचा स्वतंत्र गट असलेल्या रुग्णालयात जाणार असाल तर तिथे दाखवेपर्यंत ती थांबवावी.

प्रत्यक्ष दिवसाची तयारी थोडी आहे. पेसमेकर, मेंदूतील क्लिप, कानातील रोपण किंवा डोळ्यात गेलेला धातूचा कण यांची माहिती एमआरआयची तारीख घेतानाच द्यावी. मंगळसूत्र, जोडवी आणि साडीच्या पिना घरीच काढाव्यात (पिना हमखास विसरतात). कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट करणारे इंजेक्शन) द्यायचे असल्यास क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट न्यावा, मधुमेहाचे मेटफॉर्मिन हे औषध चालू असल्यास व पूर्वी ॲलर्जी झाली असल्यास सांगावे. गर्भधारणेची शक्यता असेल तर कोणत्याही तपासणीपूर्वी तसे कळवावे.

पेट-सीटी (किरणोत्सारी साखर टोचून सक्रिय पेशी दाखवणारी तपासणी) सांगितले असेल तर साधारण सहा तास उपाशी राहावे लागते, साधे पाणी चालते. मधुमेहींनी इन्सुलिनच्या वेळेबद्दल केंद्राला आदल्या दिवशीच विचारावे. कमी श्रेणीची गाठ पेटमध्ये फारशी उजळत नाही, तेव्हा तिथला सौम्य आकडा पाहून उरलेल्या तपासण्या रद्द करू नयेत.