फादर्स डेला बाबांना बोलतं कसं करायचं

जूनच्या तिसऱ्या रविवारी बाबांना काय द्यायचं हा प्रश्न पडला असेल तर माझं सरळ मत, अर्धा तास द्या आणि त्यांना बोलतं करा. हा दिवस मुळात सुरूच झाला तो आपल्या वडिलांनी किती केलंय हे जवळून बघितलेल्या एका मुलीमुळे. अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात राहणाऱ्या सोनोरा स्मार्ट डॉड यांची आई बाळंतपणात गेली आणि वडिलांनी सगळ्या मुलांना एकट्याने वाढवलं, म्हणून त्यांनी खटपट करून १९ जून १९१० ला पहिला फादर्स डे घडवून आणला. तिथे मदर्स डेला सरकारी मान्यता १९१४ लाच मिळाली, फादर्स डेला मात्र कायमची मिळायला १९७२ उजाडलं.

आता विचारायचं कसं. समोर बसवून "बाबा, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा ना" म्हणालात तर "त्यात काय सांगायचंय" एवढंच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा त्यांचे हात कामात असताना विचारा, एकत्र चालायला गेल्यावर किंवा घरातलं काहीतरी दुरुस्त करताना, म्हणजे एकमेकांकडे बघत बोलायचं अवघडलेपण राहत नाही. आणि प्रश्न छोटा ठेवा. पहिला पगार हातात आला तेव्हा काय केलंत? माझा जन्म झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात, कोणी कळवलं? आमच्यामुळे कुठली नोकरी किंवा बदली नाकारलीत का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण वडिलांनी केलेल्या गोष्टी दिसतात, सोडलेल्या दिसत नाहीत. एखादा जुना ग्रुप फोटो हातात दिलात तर अजूनच सोपं, "हा मागे उभा आहे तो कोण हो?" एवढं पुरतं, मग त्या माणसावरून गाडी कुठल्या कुठे जाते.

ते बोलत असताना मधेच साल किंवा नाव दुरुस्त करू नका, आणि गप्प झाले तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, थांबा जरा, बऱ्याचदा खरी गोष्ट त्यानंतरच येते. रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि फाइलला तारीख देऊन दुसरीकडेही एक कॉपी ठेवा.

घरात कोणी नवीन बाप झाला असेल तर त्याच्याकडे वेगळं लक्ष द्या. बाळ झाल्यावरचं डिप्रेशन बापालाही येऊ शकतं, पण भेटायला येणारे सगळे बाळाची आणि आईची चौकशी करून निघून जातात, तर त्याला बाजूला घेऊन "तुझी झोप होतेय का, तू कसा आहेस" एवढं तरी विचारा आणि तो फार दिवस उदास, चिडचिडा दिसला तर डॉक्टरकडे घेऊन जा. आणि बाळाचं एखादं काम, समजा अंघोळ, पूर्ण त्याच्यावर सोपवा, मागे उभं राहून सूचना देत बसू नका. उघड्या छातीवर बाळाला घेऊन बसणं बापालाही जमतं, त्याने बाळाला ऊब मिळते आणि बाळ शांत होतं.

वडील नसतील किंवा नातं दुखरं असेल तर ओढूनताणून काही करू नका. काका, मामा, मोठा भाऊ, ज्यांनी ती जागा भरली त्यांना हेच प्रश्न विचारा, आणि त्यांनी तुमच्यासाठी काय केलं तेही नाव घेऊन सांगा, "सगळ्याबद्दल थँक्यू" असं मोघम नको.