जपानी कंपन्यांच्या घसारा-निवडीवर संशोधन कसे करावे

जपानी कंपन्यांच्या लेखांकनावर पीएच.डी. करायचे ठरवले, तर विषय प्रथम एका निवडीपुरता आखून घ्यावा. ‘जपानमधील वित्तीय अहवालन : एक अभ्यास’ अशा शीर्षकाचा सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) आरआरसीपुढे, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीपुढे, टिकणे कठीण, आणि टिकलाच तर पुढे पेलवत नाही. तेथील सूचीबद्ध कंपन्यांना जपानी मानके, अमेरिकी मानके, आयएफआरएस (आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवालन मानके) आणि आयएफआरएसवर बेतलेली 2015 मधील जपानी मानके अशा चार संचांतून निवड करता येते, आणि प्रत्येक संचात पुन्हा पर्याय आहेतच. नावलौकिक (गुडविल, म्हणजे दुसरी कंपनी घेताना तिच्या निव्वळ मालमत्तेहून जास्त मोजलेली रक्कम) जपानी मानकांनुसार जास्तीत जास्त 20 वर्षांत निर्लेखित करायचा, म्हणजे टप्प्याटप्प्याने खर्चात टाकायचा असतो, तर आयएफआरएसमध्ये त्याचे निर्लेखन न करता दरवर्षी मूल्यघटीची चाचणी घेतात. हा विषय आकर्षक आहे आणि म्हणूनच त्यावर गर्दी फार आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात महागडा डेटाबेस नसताना काम करणाऱ्याने माझ्या मते घसाऱ्याकडे वळावे आणि कंपनीने घटत्या शिलकेची पद्धत (दरवर्षी उरलेल्या किमतीवर ठरावीक टक्के घसारा) सोडून सरळ रेषा पद्धत (दरवर्षी सारखीच रक्कम) केव्हा व का स्वीकारली, एवढाच प्रश्न धरावा.

फरक किती पडतो, ते एकदा कागदावर मांडून पाहावे. 1 कोटी येनचे, 10 वर्षे आयुष्य असलेले यंत्र घेतले, तर जपानी करकायद्यातील 2012 पासूनच्या, सरळ रेषेच्या दुप्पट दराने (म्हणजे उरलेल्या किमतीच्या 20 टक्के) पहिल्या वर्षी 20 लाख, दुसऱ्या वर्षी 16 लाख, तिसऱ्या वर्षी 12.8 लाख येन घसारा बसतो. सरळ रेषेने तो दरवर्षी 10 लाख. पाचव्या वर्षी पारडे फिरते आणि घटत्या शिलकेचा घसारा 8.19 लाखांवर येतो. म्हणजे नवी यंत्रे भरपूर असलेल्या कंपनीने पद्धत बदलली, तर तिचा नफा लगेच वाढलेला दिसतो.

येथे भारतीय पाठ्यपुस्तकांवर वाढलेला विद्यार्थी घसरतो. आपल्याकडे मोठ्या कंपनीचा पुस्तकी घसारा कंपनी कायद्याप्रमाणे आणि कराचा घसारा आयकराच्या दराने, असे दोन वेगळे हिशेब असतात. जपानमध्ये कंपनीच्या स्वतःच्या एकल (उपकंपन्यांचे आकडे न मिळवलेल्या) पुस्तकांत जेवढा घसारा नोंदवला, त्याहून अधिक वजावट सर्वसाधारणपणे करासाठी मिळत नाही. हे समजायला वणी किंवा पांढरकवड्याकडच्या एखाद्या भागीदारीतल्या जिनिंगचा ताळेबंद मागून घ्यावा. तेथे यंत्रांवर आयकराच्या दराने, घटत्या शिलकेवर 15 टक्के घसारा थेट पुस्तकातच धरलेला बहुधा सापडतो, कारण दोन हिशेब ठेवण्याची कटकट कोणाला नको असते. जपानच्या बड्या कंपन्यांनीही दीर्घकाळ कराच्या दरांनाच पुस्तकात जागा दिली आहे. त्यामुळे एकल हिशेबातही सरळ रेषेकडे वळणारी जपानी कंपनी लवकर मिळणारी कर-वजावट पुढे ढकलते, म्हणजे निवडीची किंमत मोजते. संशोधनाचा खरा गाभा हाच आहे.

माहितीसाठी जपानच्या वित्तीय सेवा संस्थेचे ‘एडिनेट’ हे संकेतस्थळ विनामूल्य उपलब्ध आहे. बहुतेक कंपन्यांचे आर्थिक वर्ष आपल्यासारखेच 31 मार्चला संपते आणि वार्षिक अहवाल तीन महिन्यांत दाखल करायचा असल्याने जूनअखेर अहवालांचा पूर येतो. घसारा-पद्धतीतील बदलाचा परिणाम तेथे पुढील काळापुरताच धरतात, मागील वर्षांचे आकडे बदलत नाहीत. त्यामुळे अहवालातील हिशेबांना जोडलेली टीप वाचल्याशिवाय बदल कळत नाही. टिपेत जुनी पद्धत, नवी पद्धत, बदलाचे कारण आणि नफ्यावर किती दशलक्ष येनांचा परिणाम झाला, हे सारे मिळते. सुरुवातीला पाच-सात कंपन्यांच्या टिपा यंत्र-भाषांतराच्या मदतीने, पण प्रत्येक आकडा मूळ पानाशी ताडून, हाताने उतरवाव्यात. सरळ रेषा म्हणजे ‘तेइगाकु-हो’ आणि घटती शिल्लक म्हणजे ‘तेइरित्सु-हो’ हे शब्द जपानी लिपीत एका अहवालातून उचलून ठेवले, की पुढील शोध सोपा होतो. दशलक्षाचे लाख-कोटीत रूपांतर मात्र शेवटी, तक्त्यातच करावे.

केवळ इंग्रजी अहवाल असलेल्या कंपन्यांचा नमुना घेऊ नये. वार्षिक अहवाल इंग्रजीत देणे सक्तीचे नसल्याने तसा नमुना मोठ्या आणि परदेशी भागधारक असलेल्या कंपन्यांकडे झुकतो, आणि निष्कर्षही तिकडेच झुकतात.

कारणांच्या रकान्यात ‘यंत्रे स्थिरपणे चालतील अशी अपेक्षा’ या अर्थाचे वाक्य इतक्यांदा येईल की त्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी त्या वर्षीचा नफा, कर्ज आणि कंपनीने स्वतः जाहीर केलेला नफ्याचा अंदाज शेजारी मांडावा. हे अंदाज जपानमध्ये जवळजवळ सर्वच सूचीबद्ध कंपन्या देतात, आणि बदलामुळे वाढलेला नफा वजा केल्यावर अंदाज गाठला गेला असता का, ही तपासणी साध्या वजाबाकीने होते. आयएफआरएसकडे जाण्याच्या तयारीत पद्धत बदलणाऱ्या कंपन्या वेगळ्या गटात ठेवाव्यात, कारण त्यांचा हेतू वेगळा असू शकतो.

उपार्जनांवर (नफ्यातील रोखीत न आलेल्या-गेलेल्या भागावर) आधारलेली, नफ्याची हाताळणी अजमावणारी 1991 ची जोन्स प्रतिकृती (मॉडेल) वापरायची झाल्यास विशेष सावध राहावे. एकूण उपार्जनांत घसारा धरलेला असतो. तो पद्धतीमुळे कमी झाला, की प्रतिकृती त्यालाच नफ्याची हाताळणी समजू शकते. म्हणून टिपेतील परिणामाची रक्कम आधी उपार्जनांतून वेगळी काढावी आणि ती काढण्यापूर्वीचा व काढल्यानंतरचा असे दोन्ही निकाल प्रबंधात शेजारीशेजारी छापावेत. मौखिक परीक्षेत बाहेरचा परीक्षक बहुधा याच तक्त्यावर बोट ठेवतो.