रेक्टिफायर शिकवायचाय? आयटीआयच्या वर्गात सिम्युलेटर असा वापरा

प्रोजेक्टर आता बऱ्याच आयटीआयत आहे, पण होतं काय की सर व्हिडिओ लावतात, मुलं बघतात, "कळलं सर" म्हणतात आणि प्रॅक्टिकलला बसली की डायोडची पांढरी पट्टी कुठल्या बाजूला ठेवायची तेच विचारतात. नुसतं बघून इलेक्ट्रॉनिक्स येत नाही हो. स्क्रीनवर मुलाने स्वतः काहीतरी बदललं पाहिजे आणि त्याचा परिणाम लगेच दिसला पाहिजे, तरच त्याला इंटरॅक्टिव्ह म्हणायचं. खाली ब्रिज रेक्टिफायर (चार डायोड वापरून एसीचं डीसी करणारं सर्किट) घेतलाय, बाकीचे टॉपिक याच पद्धतीने बसवता येतील.

आधी टूल ठरवा, आणि एका टॉपिकला एकच. अगदी नवीन बॅचला ओहमचा नियम, सीरिज-पॅरलल शिकवायचं तर फेट (PhET) ही सिम्युलेशनची साईट चांगली, फुकट आहे, त्यातली बरीच सिम्युलेशन मराठीत मिळतात, डाउनलोड करून ठेवली की नेट नसतानाही चालतात, आणि शॉर्ट केलं की बॅटरीला आग लागलेली दिसते त्यामुळे मुलं आपणहून शॉर्ट करून बघतात (करू द्या, तिथे फुकट आहे). ब्रेडबोर्डची सवय लावायची तर टिंकरकॅड, क्लास कोड दिला की मुलांना ईमेल लागत नाही. वेव्हफॉर्म दाखवायचा असेल तर मात्र फॉलस्टॅडचा सर्किट सिम्युलेटर, कारण करंट पिवळ्या ठिपक्यांनी वाहताना दिसतो आणि स्पीड कमी करून एकेक सायकल बघता येते. मोबाईलवर बोटाने वायर ओढताना वैताग येतो, म्हणून कॉम्प्युटर लॅब मिळवा आणि दोघांत एक मशीन द्या. तिघं बसवले की तिसरा रील्स बघतो.

आता सर्किट. फॉलस्टॅडच्या मेनूत डायोडच्या यादीत फुल-वेव्ह रेक्टिफायर तयार मिळतो, पण तो तसाच वापरू नका. सोर्सची फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झ करा. आणि व्होल्टेजच्या रकान्यात तिथे पीक व्हॅल्यू (लाटेचं टोक) टाकायची असते, आरएमएस (एसी मीटर दाखवतो तो आकडा) नाही, म्हणजे 9 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर दाखवायचा तर 12.7 टाका. लोड, म्हणजे आउटपुटला जोडलेला रेझिस्टर, 1 के (1000 ओहम). नंतर लोडला पॅरलल 100 मायक्रोफॅरड जोडायचा, पण आत्ता नाही. सर्किट तयार झालं की लिंक म्हणून एक्सपोर्ट करून बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका.

यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी म्हणजे काहीही बदलायच्या आधी मुलांना अंदाज लिहायला लावणं, आणि नेमकी हीच सगळे गाळतात. जर्नलमध्येच, पेनने. "एक डायोड काढला तर आउटपुट शून्य होईल, अर्धं होईल की तेवढंच राहील?" असं विचारा. बरीच मुलं शून्य लिहितात. मग डायोड डिलीट करू द्या, स्कोपवर (वेव्हफॉर्म दाखवणाऱ्या आलेखावर) एक आड एक टेकडी गायब होते, रिपल (डीसीतला उरलेला चढउतार) 100 वरून 50 हर्ट्झवर येतो. आता कपॅसिटर जोडा, चारही डायोड असताना रिपल साधारण 1 व्होल्ट, एक काढला की जवळपास दुप्पट. रिपल म्हणजे करंट भागिले (फ्रिक्वेन्सी गुणिले कपॅसिटन्स) हे सूत्र फळ्यावर आधी लिहू नका, मुलं स्वतःच "फ्रिक्वेन्सी अर्धी झाली म्हणून" म्हणतात, तेव्हा लिहा.

नंतर त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला, ब्रेडबोर्ड. उद्यावर ढकललं की डोक्यातून गेलं. 1N4007 चार, 1 केचा रेझिस्टर, 100 मायक्रोफॅरड 25 व्होल्टचा कपॅसिटर, हा सगळा माल पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत अगदी किरकोळ पैशात मिळतो, डायोड जास्तीचे आणा. ट्रान्सफॉर्मरची 230 ची बाजू इन्स्ट्रक्टरनेच जोडायची, फ्यूज आणि झाकण लावून, मुलांच्या हातात फक्त 9 व्होल्टची बाजू. डीएसओ (डिजिटल ऑसिलोस्कोप) एकच असला तरी अडत नाही. कपॅसिटर काढून साध्या मल्टीमीटरने डीसी रेंजवर लोडवर मोजा, गणिताने सुमारे 7 व्होल्ट यायला हवेत, एक डायोड उपटला की साधारण साडेतीन.

पण मीटर 7 दाखवणार नाही, 8 किंवा त्याच्याही वर दाखवेल, आणि इथे घाईने "चालतं तेवढं" म्हणू नका. छोटा ट्रान्सफॉर्मर एवढ्या हलक्या लोडवर 9 पेक्षा जास्तच देतो, कारण 9 हा आकडा पूर्ण लोडवरचा असतो, शिवाय लाईनमध्ये नेमके 230 कधी असतात? मुलांना सेकंडरी (9 व्होल्टची बाजू) एसी रेंजवर मोजायला सांगा, तो आकडा 1.414 ने गुणून सिम्युलेटरमध्ये टाकायला लावा, आता स्क्रीन आणि मीटर जवळ येतील. सिम्युलेटरमध्ये ब्रेडबोर्डचं भोक सैल नसतं, डायोड खराब निघत नाही, हे त्यांना याच खटाटोपात कळतं.

व्हिडिओ बनवायचा असेल तर स्वतःच बनवा, फोन स्टँडवर लावून, मराठीत, तीन-चार मिनिटं, बस. सोल्डरिंग, डीसोल्डरिंग असल्या हाताच्या कामांना व्हिडिओच बरा. एचफाइव्हपी (H5P) हे टूल वापरून व्हिडिओच्या मध्येच प्रश्न टाकता येतो, उत्तर दिल्याशिवाय पुढे जायचं नाही असं सेट करा.

परीक्षेला सर्किट काढायला सांगू नका, ते पाठ असतं. भोसरी-चाकणला अप्रेंटिसशिपला गेल्यावर त्यांच्यापुढे बंद पडलेलं सर्किटचं कार्ड येणार आहे, म्हणून बिघडवलेल्या सर्किटची लिंक द्या, एकात डायोड गायब, एकात कपॅसिटर भलताच छोटा, एकात लोडच तुटलेला. मुलाने आधी स्कोप बघून फॉल्ट लिहायचा, मग दुरुस्त करायचा. दुरुस्तीला निम्मे मार्क आणि निम्मे, फॉल्ट कशावरून ओळखला ते दोन ओळीत लिहिलंय त्याला.