भाले-बंदुकांच्या काळातली छोटी फौज: गोंद लावण्याआधी काय काय बघायचं

गोंदाची बाटली अजून उघडू नका. आधी पट्टी घ्या आणि कुठलेही दोन बेस, म्हणजे सैनिक ज्यावर चिकटवायचे ते चपटे तुकडे, घ्या.

लांब भाले आणि तोड्याच्या बंदुका एकाच पलटणीत उभ्या असायच्या त्या काळातली, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपातली, टेबलावरच्या युद्धखेळासाठी चिमुकल्या सैनिकांची छोटी फौज उभी करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. १५ मिमी उंचीचे सैनिक, एका बाजूला डझनभर बेस, साध्या टेबलावर मावेल एवढी लढाई. ६ किंवा २८ मिमीमध्ये काम करत असाल तर आकडे बदला, बाकी बहुतेक सगळं तसंच. मागच्या फौजेच्या वेळी मी बेस एकमेकांना भिडवून (कडेला कड लावून) बघितले नव्हते. सगळं रंगवून, वाळू-गवत लावून झाल्यावर भालाईत उखडून परत लावायला लागले. म्हणून ही एक गोष्ट खाली पुन्हा पुन्हा येईल, आणि प्रत्येक वेळी ती मनापासून सांगितलेली असेल.

पहिल्यांदा वर्ष ठरवा. ‘तीस वर्षांचं युद्ध’ एवढं ठरवून भागत नाही, कारण १६१८ ते १६४८ या काळात फौजेची घडण बदलत गेली. नोव्हेंबर १६२० मध्ये प्रागजवळच्या व्हाइट माउंटनला बादशाही (पवित्र रोमन सम्राटाच्या) बाजूचं पायदळ मोठ्या, खोल चौकोनांत उभं होतं. १६३२ च्या ल्युत्झनच्या लढाईपर्यंत रांगा पातळ आणि रुंद झाल्या होत्या. बंदूकधाऱ्यांचं प्रमाण वाढत गेलं. शतकाच्या सुरुवातीला भाले आणि बंदुका जवळपास निम्मे-निम्मे असत, पुढे एका भालाइतामागे दोन बंदूकधारी हे नेहमीचं झालं आणि संगीन आल्यावर १७०० नंतरच्या काही वर्षांत भाले जवळपास संपले. स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ याच्या फौजेतल्या एका कंपनीत कागदोपत्री ५४ भालाईत आणि ७२ बंदूकधारी होते. त्यातले बरेच बंदूकधारी घोडदळाच्या मदतीला वेगळे काढले जात, त्यामुळे मूळ तुकडीत भालेच जास्त दिसायचे. सैनिक पाकिटांत मिळतात, आणि वर्ष ठरल्याशिवाय भाल्यांची पाकिटं किती आणि बंदुकांची किती हे कळत नाही. आधी पाकिटं मागवून मग वर्ष शोधणारे शेवटी तीस जास्तीचे बंदूकधारी डब्यात ठेवून बसतात.

दोन्ही बाजू स्वतःच करा. दुसरा कुणीतरी समोरची फौज करेल या भरवशावर राहू नका, केली तरी त्याचे बेस तुमच्या मापाचे नसतील. आणि या काळात दोन बाजू करणं वाटतं तेवढं महाग नाही. सरसकट गणवेश नव्हते. शत्रू-मित्र ओळखायचे ते कमरपट्ट्यावरून, टोपीतल्या खुणेवरून आणि निशाणावरून. सप्टेंबर १६३१ मध्ये ब्राइटेनफेल्डला स्वीडिश सैनिकांनी टोपीत हिरव्या डहाळ्या खोचल्या होत्या, बादशाही बाजूचा सेनापती टिली याच्या माणसांनी पांढऱ्या पट्ट्या बांधल्या होत्या. हरलेल्या बाजूचे पकडलेले सैनिक जिंकलेल्या फौजेत भरती होणं ही तर नेहमीची गोष्ट होती. तेव्हा करड्या, तपकिरी, मळक्या निळ्या कोटांच्या चार-सहा पलटणी अशा रंगवा की निशाण बदललं की त्या कुठल्याही बाजूने लढतील. ज्यांना बाजू चिकटलेलीच आहे त्या तेवढ्या वेगळ्या करा: बादशाही चिलखती स्वार, क्रोआट हलके स्वार, स्वीडनची पिवळी आणि निळी पलटण.

खेळाची नियमावली ठरवा. नसेल ठरत तर निदान बेसची रुंदी तरी ठरवा, आणि दोन्ही फौजांना तीच ठेवा. १५ मिमीसाठी ४० मिमी रुंदी इतकी रुळलेली आहे की दुसरं काही निवडायला सबळ कारण हवं. खोली, म्हणजे पुढून मागचं माप, मात्र सैनिकाच्या प्रकारानुसार बदलते. ४० मिमीवाल्या प्रचलित पद्धतीत भालाइतांना १५, बंदूकधाऱ्यांना २०, घोडदळाला ३० आणि तोफेला ४० मिमी, असं साधारण असतं. त्यात चार भालाईत एका बेसवर, स्वार तीन. म्हणजे चार बेस भाल्यांचे, चार बंदुकांचे, तीन घोडदळाचे आणि एक तोफ धरली तर एका बाजूला चाळीसच्या आसपास आकृत्या होतात. एवढ्यात मजेत लढता येतं.

आता मुख्य गोष्ट. खरा भाला पाच मीटरच्या घरात असायचा, माणसाच्या उंचीच्या तिप्पट. १५ मिमीच्या मापात तो ४५ ते ५० मिमी होतो. भाला आडवा धरून चाल करून जाणाऱ्या माणसाचा मागचा हात दांड्याच्या बुडाशी असतो, म्हणजे पाऊण भाला त्याच्या पुढे. तुमचा बेस १५ मिमी खोल. सैनिक अगदी मागच्या कडेला उभा केला तरी दोन सेंटिमीटर भाला बेसच्या बाहेर लटकणार. खेळात हल्ला झाला की दोन बेस कडेला कड लावून ठेवायचे असतात. समोरही तसेच भालाईत असतील तर ते बेस भिडतच नाहीत, टोकं एकमेकांच्या टोप्यांत आणि तोंडात घुसतात, तारा वाकतात, रंग उडतो. आणि हे फक्त समोरचं झालं. बऱ्याच नियमावल्यांत भालाइतांच्या मागे दुसरा भालाइतांचा बेस लावला की जोर वाढतो. तो मागचा बेस पुढच्याच्या पाठीत भाले खुपसून उभा राहतो, नाहीतर दोघांमध्ये बोटभर अंतर सोडावं लागतं. मग मोजमापाचे वाद सुरू.

म्हणून भिडवून बघा. कोरडे, गोंदाशिवाय, सैनिक ब्लू-टॅकने (पुन्हा निघणाऱ्या चिकट लांबीने) तात्पुरते उभे करून. समोरासमोर भिडवा. एकामागे एक लावा. शेजारी-शेजारी लावा. कोपऱ्याला कोपरा लावा, कारण बगलेवरचा हल्ला तसाच होतो. भालाईत भालाइतांना, भालाईत घोडदळाला, घोडदळ घोडदळाला. दौडत्या घोड्याची नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी ३० मिमीच्या आसपास जाते, म्हणजे ३० मिमीच्या बेसवर तो जेमतेम बसतो, आणि पुढे झुकलेल्या स्वाराची तलवार बाहेर जाते ती वेगळीच. हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे. रंगवण्याआधी करा. नंतर केलंत तर ती तपासणी राहत नाही, दुरुस्ती होते.

उपाय सोपे आहेत, पण खरेदीच्या आधी माहीत हवेत. उभा भाला धरलेले सैनिक घ्या, ते कधीच अडत नाहीत. आडव्या भाल्यांचा आवेश हवाच असेल तर भालाइतांचा बेस ४० मिमी खोल करा आणि माणसं अगदी मागे लावा. मधली जागा वाळू-गवताने भरा, भाले बहुतेक आतच राहतील. तिरक्या भाल्यांचं तसं सांगता येत नाही. ते समोरच्याच्या डोक्यावरून जातात, पण समोरचेही तिरकेच असतील तर वर जाऊन गुंततात. तिरके घ्यायचे असतील तर एकच पाकीट मागवा, भिडवून बघा, मगच बाकीची. आडव्या भाल्यांची सहा पाकिटं सवलतीत मिळतायत म्हणून घेऊ नका. खरंच नका घेऊ.

एका उत्पादकाचा १५ मिमी म्हणजे दुसऱ्याचा १८ मिमी, हे गृहीत धरा. एका बेसवर एकाच उत्पादकाचे सैनिक ठेवा, वेगवेगळ्या बेसवर वेगवेगळे चालतात. घोडे मात्र जवळ-जवळ ठेवून बघा, घोड्यांतला फरक माणसांपेक्षा लवकर डोळ्यात भरतो.

साफसफाई: साच्याची रेघ काढा, पायाखालचा चवथरा सपाट करा, साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवा. जुन्या पांढऱ्या धातूच्या आकृत्यांत शिसं असू शकतं. कानस मारताना मास्क लावा, मध्येच काही खाऊ नका, नंतर हात धुवा आणि टेबल ओल्या कापडाने पुसा. हे टाळायचं नाही.

ओतीव भाले वाकतात आणि चार-पाच वेळा सरळ केले की तुटतात. ते कापून पोलादी तार बसवा. त्यासाठी मुठीला आरपार भोक रंगवण्याआधी पाडा, रंगवल्यावर हात तुटला तर सगळंच वाया जातं. तारेचं टोक थोडं चेपून बोथट करा. टोकदार तारांच्या जंगलावर कुणीतरी हात ठेवणारच, आणि तार रंगापेक्षा बोटाला लवकर लागते. तारेची लांबी सगळ्यांची एकदम कापू नका. चार कापा, सैनिकांना लावा, बेसवर उभे करा, भिडवून बघा.

प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) दमट हवेत फवारू नका, खरखरीत होतो. काळा, करडा की तपकिरी यावर भांडत बसण्यात अर्थ नाही. चार-पाच सैनिक एका काडीवर चिकटवून रंगवा. रंगवण्याबद्दल एवढंच सांगतो की हाताच्या अंतरावरून जे दिसतं त्यालाच वेळ द्या: चेहरा, टोपी, कमरपट्टा, भाल्यांचा दांडा. कोटाची बटणं सोडा. चिलखती स्वारांचं चिलखत लखलखीत चंदेरी करू नका. ते गंज लागू नये म्हणून अनेकदा काळं ठेवलेलं असायचं. काळ्यावर कडांना थोडा धातूचा रंग पुरे.

आता बेस. पातळ एमडीएफ किंवा पुठ्ठ्यावर एकाच बाजूने पांढरा गोंद फासला की तो वाळताना कमानीसारखा वाकतो, आणि वाकलेले बेस शेजारी-शेजारी नीट बसत नाहीत. आधी दोन्ही बाजूंना प्रायमरचा किंवा रंगाचा हात द्या, गोंद पातळ करून भरपूर ओतू नका, वाळताना वजन ठेवा. हाताने कापलेले बेस असतील तर प्रत्येक पट्टीवर मोजा. अर्धा मिलिमीटर जास्त असलेले दहा बेस रांगेत लावले की पाच मिलिमीटर सरकतात आणि समोरच्या फौजेशी जुळत नाहीत. हे भिडवून बघितलं की लगेच कळतं. शक्य असेल तर दोन्ही फौजांचे बेस एकाच ठिकाणाहून, लेझरने कापलेले घ्या.

सैनिक चिकटवताना मागच्या रांगेपासून पुढे या, नाहीतर भाल्यांतून बोटं घालावी लागतात. आधी तात्पुरते उभे करा. भिडवा. मगच सुपरग्लू, आणि तोही थेंबभर, कारण त्याची वाफ गडद रंगावर पांढरट धुकं सोडते. मग पांढरा गोंद, बारीक वाळू, पूर्ण वाळू द्या, तपकिरी रंग, वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग), कोरड्या ब्रशने फिकट रंगाचा हात, गवताचे ठिपके. गवत सगळीकडे नको. हजारो पावलांखाली तुडवलेली जमीन आहे, चिखल जास्त दिसायला हवा. कडेवर ओघळलेली वाळू ओली असतानाच नखाने पुसा. वाळूचा एक कण कडेला राहिला तरी बेसची रुंदी वाढते. वाळल्यावर पुन्हा एकदा भिडवून बघा. हो, पुन्हा.

निशाणं. पायदळाचं निशाण दोन मीटर चौरसाच्या आसपास असायचं, म्हणजे या मापात २० मिमी. १५ मिमीच्या बेसवर ते कुठल्याही बाजूला फडकवलं तरी शेजाऱ्याच्या भाल्यांत अडकू शकतं. निशाणवाला मध्ये ठेवा, निशाण बेसच्या आतल्या बाजूला वळवा, दांडा उंच ठेवा. घोडदळाची निशाणं बरीच लहान, साठ सेंटिमीटरच्या घरातली. ती मोठी करून छापू नका, चूक लगेच दिसते. कागदावर छापा, आतून पांढरा गोंद लावा, दांड्याभोवती दुमडा, ओलं असताना फडकल्यासारख्या लाटा द्या, कापलेल्या पांढऱ्या कडा जवळच्या रंगाने रंगवा. निशाण कायमचं चिकटवू नका. दांडा भोकात बसता ठेवलात तर तीच पलटण दोन्ही बाजूंना वापरता येते. स्पेनचं ओळखायला सोपं: पांढऱ्यावर तांबडी, खाचा असलेली बर्गंडीची फुली.

व्हार्निश: आधी चकचकीत, मग मॅट. दमट दिवशी फवारू नका, दुधाळ होतं. एका जुन्या बेसवर आधी फवारून बघा.

बेसच्या खाली पलटणीचं नाव आणि प्रकार लिहा. मागच्या कडेवर लिहिलंत तर खेळताना उचलायला लागत नाही. तळाला चुंबकी शीट, पेटीत लोखंडी पत्रा. पेटीची आतली उंची बेस, माणूस आणि उभा भाला मिळून मोजा, ती ६० मिमीच्या आसपास जाऊ शकते. पाकिटं मागवण्याआधीच मोजलीत तर बरं.

शिसं असलेल्या आकृत्या ओकच्या कपाटात किंवा दमट डब्यात बंद ठेवू नका. लाकडातल्या आम्लाच्या वाफेने त्यावर पांढरी भुकटी धरते आणि बारीक तपशील खाल्ला जातो. प्लास्टिकची पेटी, कोरडी जागा.

वापरलेल्या रंगांचे नंबर, गवताचं नाव आणि बेसची नेमकी मापं एका कागदावर लिहून झाकणाच्या आतून चिकटवा. पुढच्या वर्षी दोन पलटणी वाढवायच्या झाल्या तर तोच करडा रंग लागतो.