ऑनलाइन चर्चेत शब्दाला शब्द वाढतो तेव्हा: या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक वाचताना होते. समोरच्यानं लिहिलेल्या वाक्यात सूर आपण भरतो आणि तो त्याचाच होता असं धरून चालतो. "हे आधी करून पाहिलंत का?" हा प्रश्न मदत म्हणून आलेला असतो, दमलेल्या माणसाला तो टोमणा वाटतो. अडचण जुनीच आहे. १९८२ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस जोडून हसरा चेहरा सुचवला, तो लिहिलेली थट्टा कुणी खरी मानू नये म्हणूनच. वाक्य दोन प्रकारे वाचता येत असेल तर सौम्य अर्थ धरा. तरीही खटकलं तर सरळ विचारा: "मला हे खोचक वाटलं, तुम्हाला तसंच म्हणायचं होतं का?" पुष्कळदा "छे, अजिबात नाही" असं उत्तर येतं.

दुसरी चूक म्हणजे उद्धटपणाला स्पष्टवक्तेपणा समजणं. "मी जे असेल ते तोंडावर बोलतो" म्हणणाऱ्याच्या समोर इथे कुणाचं तोंडच नसतं. ऐकणाऱ्याचा पडलेला चेहरा दिसत नाही, म्हणून जीभ सैल सुटते. पाठवण्याआधी वाक्यातून समोरचा माणूस वगळून पाहा. "हा आकडा चुकलाय, कारण तो जुन्या यादीतला आहे" यात मुद्दा शाबूत राहतो. "तुम्हाला यातलं काही कळत नाही" यातून माणूस वगळला की हाती काहीच उरत नाही.

रागात उत्तर देऊ नका, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण राग कुठून आला हे आपण पाहत नाही. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी प्रयोगात काहींना आधी अवघड प्रश्न सोडवायला देऊन त्यांचा मूड बिघडवला. अशा लोकांपुढे आधीच उद्धट प्रतिक्रिया असलेली चर्चा ठेवल्यावर त्यांच्याकडूनही वाईट लिहिलं जाण्याची शक्यता वाढली. ही तुमच्याआमच्यासारखीच माणसं होती. म्हणून समोरच्यावर 'ट्रोल' असा शिक्का मारण्याची घाई करू नये. आपलं मसुद्यातलं उत्तर तासाभरानं पुन्हा वाचावं.

आता ज्या चुकीबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं ती: सहिष्णुता म्हणजे सगळं खपवून घेणं, हा समज. न पटणारं मत ऐकून घ्यायचं, अगदी शेवटपर्यंत. पण कुणाची जात, धर्म, रूप किंवा भाषा काढून पाणउतारा होत असेल तर ते मत नव्हे. तिथे ॲडमिन "जाऊ द्या, दोघंही शांत व्हा" म्हणाला की अपमान करणारा आणि सोसणारा एकाच तागडीत तोलले जातात. मग सभ्य माणसं भांडत बसत नाहीत, गुपचूप निघून जातात. नेमकं कोणतं वाक्य चाललं नाही ते सगळ्यांसमोर दोन ओळींत सांगा, बाकीची समज खासगीत द्या.

आणि चूक आपलीच निघाली तर? "कुणाला वाईट वाटलं असेल तर क्षमस्व" असं लिहू नका. त्यातला 'तर' काढा.